कालव्याच्या भरावावरची वाट

बाळांनो,

डिसेंबरात तुम्ही दोघं येणार म्हणून गाद्या उन्हात टाकल्या आहेत. परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, मंचरला सकाळी पळायला कुठे जाता येईल?" तिने तिकडच्या तळ्याकाठच्या वाटेचा फोटोही पाठवला होता. बाकं, बदकं, अंतर लिहिलेल्या पाट्या. मी "बघू" म्हणून विषय बदलला. फोनवर अशा गोष्टी अर्धवट सांगितल्या जातात, आणि अर्धवट ऐकून ही मुलगी पहाटे बूट घालून एकटी बाहेर पडेल. म्हणून तुम्ही विमानात बसायच्या आधीच सगळं नीट लिहून ठेवते.

माझ्या फिरण्याच्या वाटा तीन होत्या. एक घरापासून एसटी स्टँडवरून, बाजारातून बागेपर्यंत. ही सगळ्यात कंटाळवाणी. दुसरी कळंबच्या बाजूला घोड नदीच्या काठाने. तिसरी कालव्याच्या भरावावरून, दोन्ही बाजूंना ऊस.

नदीकाठची वाट आधी गेली. तिथे मेंढ्या बसवायचे, त्यांतलं एक कोकरू गेलं. मग एक वासरू. मग धुणं घेऊन येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. कुणी बंदी घातली नाही, गावात काही ठरलंही नाही. नुसतं गवत वाढत गेलं आणि एक दिवस वाट दिसेनाशी झाली.

बिबट्या तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या मनात तो जंगलातला आहे. इथला उसात जन्मतो आणि उसातच वाढतो. त्याने जंगल पाहिलेलंही नसेल.

मला उरली कालव्याची वाट, आणि त्या वाटेवर मला सोबत होती शेजारच्या मुलीची. तुम्ही तिला ओळखता. लहानपणी तुमच्याबरोबर ती आपल्या अंगणात सायकल शिकली. तिला पोलीस भरतीत उतरायचं आहे. घरी लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा तिने वडिलांकडून एका भरतीची मुदत मागून घेतली. तेवढ्यात निवड झाली तर ठीक, नाहीतर ते म्हणतील तिथे पाहुण्यांसमोर बसायचं. भरतीत पळणं असतं, आणि पळायला सरळ, मऊ मातीची, गाड्या नसलेली जागा लागते. ती भरावावरच होती.

तिचे वडील, ती त्यांना दादा म्हणते, बेल्ह्याच्या बाजाराला गेले आणि बैलाची घुंगरमाळ घेऊन आले. माळ अर्धी करून तिच्या कमरेच्या पट्ट्याला शिवली. माणूस येतंय हे लांबून कळलं की जनावर बाजूला होतं, असं इथे सगळे मानतात. आमची बायामाणसं मोबाइलवर गाणी लावून शेतात जातात ती त्यासाठीच. लोणीकडे तर खुरपायला बसणाऱ्या बायका, त्याने मान धरू नये म्हणून, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात.

ती छुमछुम करत निघाली की कालव्याच्या पुलाजवळची पोरं ओरडायची, "भिर्रर्र! सरका राव, गाडा आला."

"तुमच्यापरीस बैल बरा," ती न थांबता म्हणायची. "शर्यतीच्या घाटात शेवटपातुर पळतो तरी."

मी पुलाच्या कठड्यावर बसायची. ती पंपाच्या खोलीपर्यंत जाऊन परत यायची, आणि तिच्या घरचं कुत्रं तिच्या मागे. धुक्यात ती दिसायची नाही. घुंगरांचा आवाज बारीक होत जायचा, मग पुन्हा मोठा होत यायचा. त्या आवाजावर मी निर्धास्त होते.

गेल्या थंडीत ऊसतोड सुरू झाली. टोळी आली आणि भरावालगतचे फड भराभर खाली झाले. कितीतरी महिन्यांनी पलीकडची वस्ती दिसायला लागली. सगळ्यांनाच हायसं वाटलं. एका फडात मधला पट्टा तेवढा राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी तुटायचा होता.

त्या सकाळी ती आली तर कमरेला माळ नव्हती.

"माळ कुठे गं?"

"आता कशाला, आजी? समदं मोकळं झालंय की. लई जड व्हती ती. दादा बी म्हनले, आता काय भ्या न्हाई."

समोर खरंच मोकळं होतं. ती गेली, कुत्रं मागे गेलं. धुकं होतं. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, त्याचा एकसारखा आवाज चालला होता. मी सवयीने कान देऊन बसले, पण ऐकायला काहीच नव्हतं. एक टिटवी ओरडत उठली, माझ्या डोक्यावरून गेली आणि लांब जाऊनही ओरडत राहिली. मुलगी परतायची वेळ टळून गेली. पुलाजवळची पोरं त्या दिवशी आली नव्हती.

मग धुक्यात कुणीतरी दिसलं. चाल ओळखीची वाटेना. जवळ आल्यावर कळलं, ती पाठमोरी येत होती. एकेक पाऊल मागे टाकत, तोंड पंपाच्या खोलीकडे करून, हात किंचित पसरून. इथल्या शाळेत मुलांना शिकवतात, तो समोर आला तर पाठ दाखवायची नाही, पळायचं नाही. वर्षभर ही पोर फक्त पळायला शिकत होती.

"आजी, उठा," ती न वळता म्हणाली. आवाज अगदी हळू. "पन पळू नका."

माझ्या गुडघ्यांना ते सांगायची गरज नव्हती, आणि एरवी आम्ही दोघी यावर हसलो असतो. मी तिचा हात धरला. वस्तीच्या पहिल्या घरापर्यंत आम्ही तशाच मागे मागे चालत गेलो. मला काहीही दिसलं नाही. भराव, धुकं आणि वाहतं पाणी.

ओट्यावर बसल्यावर ती बोलली. "त्या ऱ्हायलेल्या पट्ट्याच्या कडंला बसली व्हती. कुत्रं पुढ्यात. मागं उसात बारकं काहीतरी हलत व्हतं. ती माझ्याकडं बघत व्हती, आजी. नुसती बघत व्हती."

चारी बाजूंचा ऊस गेला की त्यातलं सगळं उरलेल्या पट्ट्यात गोळा होतं. हे गावात लहान मुलालाही माहीत आहे. तरी त्या सकाळी आम्हाला सगळ्यांना फक्त मोकळी जमीन दिसली.

पिंजरा लागला. काही दिवसांनी एक मादी सापडली. ती तीच की दुसरी, हे कुणी सांगू शकलं नाही. आता तिथे तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. संध्याकाळी वस्तीवरची कुत्री एकदम भुंकायला लागतात, ते मला खटकत नाही. एकदम गप्प होतात तेव्हा मी उठून दाराची कडी पाहते.

तिच्या वडिलांनी पळणं बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, "मुदत भरतीपातुर दिलीया, दादा." एवढंच. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती बागेत आली. बाग केवढीशी, तुम्हाला आठवतच असेल. घसरगुंडीपाशी वळावं लागतं, सिमेंटवर घोटे दुखतात, भेळवाला गाडी लावताना कुरकुर करतो. भरती अजून व्हायची आहे. मी बाकावर बसते. माळ तिने पुन्हा कमरेला बांधली आहे, बाजारातसुद्धा, आणि आता कुणी हसत नाही.

तर धाकटे, बूट आण. नदीची वाट राहिलेली नाही, कालव्याची राहिलेली नाही. बागेची फेरी आहे, ऊन वर आल्यावर, आणि तिथे ती रोज पळते.