पायांना कळलेला उतार

शिरवण्याचा मुख्य रस्ता नव्याने बांधायचा ठरला, तेव्हा ठेकेदाराबरोबर नकाशा धरून मी फिरायचो. मिठागरातला एक म्हातारा न बोलावता आमच्यासोबत यायचा. नकाशाकडे तो ढुंकूनही बघत नसे. मिठाचे वाफे जन्मभर पायांनी तुडवून सपाट केलेले. रस्ताही तो अनवाणीच तपासायचा.

देवळापाशी थांबून एकदा म्हणाला, "गटार हितं सोडू नका. उधानाचा पानी हितूनच गावात येतो."

"बाबा, दुर्बीण लावून लेव्हल काढलीय," ठेकेदार हसला.

म्हाताऱ्याने वाद घातला नाही. अमावस्येच्या भरतीला त्याने ठेकेदाराला तिथेच आणून उभं केलं. खाडीचं पाणी चढत चढत त्याच्या बुटांत शिरलं. मला वाटलं, आता म्हातारा टोमणा मारणार.

"शेट, बूट काढा," तो हळूच म्हणाला. "उतार कुठं हाय, पायांना कलंल."

नकाशा माझ्याकडेच राहिला. ठेकेदार अनवाणी त्याच्या मागे निघाला.