आतोबांच्या दोरीवरची जागा

राज्य बुडालं की नाही, हे ठरवायचा अधिकार इतिहासकारांना नव्हता. तो माझ्या आतोबांना होता. त्यांनी झेंडा शिवला की राज्य बुडालं. नगरच्या मुलखावर राज्य करून गेलेल्या प्रत्येकाचा झेंडा ते घरच्या मशीनवर स्वतः शिवत. अट एकच, राज्यकर्ता आधी गेलेला पाहिजे. खंडेनवमीला आमचं सगळं नेवासं गाव विळे-कोयते पुजायचं आणि आतोबा अंगणातल्या दोरीवर झेंड्यांना ऊन दाखवायचे. आधी निजामशाहीचा हिरवा, मग मोगलांचा सिंहवाला. तो सिंह असा काही उतरला होता की आमची मांजर त्याला बघून शेपूट फुलवायची. मग भगवा. "हा शिवताना दोनदा सुई बोटात गेली," एवढंच सांगत आणि दुसरीकडं बघत. भगव्यापुढं हातभर दोरी रिकामी. तिथं आत्यानं लुगडं टाकलं की ओरडत, "ती इंग्रजाची जागा आहे!"

आतोबा कचेरीत कारकून. रोज सकाळी आवारात उभं राहून वरच्या युनियन जॅककडं मान मोडेपर्यंत बघत. साहेबाला वाटे, काय ही राजनिष्ठा! त्यानं बढतीसुद्धा दिली. आतोबा पट्ट्यांची मापं घेत होते, हे आम्हालाच ठाऊक. लाल, पांढरं, निळं कापड तरुणपणीच आणून ट्रंकेत ठेवलं होतं. लढाईत कापडावर कंट्रोल आला, आत्याच्या चोळीला ठिगळं लागली, पण ट्रंकेतल्या त्या कापडाला काही कात्री लागली नाही. पुढं पेन्शन झाली, छातीत कळा येऊ लागल्या. "इंग्रज आधी जातो का मी, एवढंच बघायचंय," असं हसत म्हणत. आम्हाला मात्र हसू यायचं नाही.

आणि तो पंधरा ऑगस्ट उजाडला! मी मुद्दाम नगरहून आलो होतो. गावभर तिरंगे आणि आमच्या ओसरीवर मशीनची खडखड. प्रभातफेरी दारात आली नि पुढचा तालमीतला गडी थबकला. आतोबांच्या मांडीवर युनियन जॅक!

"भाऊसाहेब, आजच्या दिवशी ह्यो झेंडा? लाज न्हाई वाटत?"

"थांब रे. मी उभा जन्म थांबलोय, तू दोन टाके थांब."

लोक चिडून ओसरीवर चढू लागले. तेवढ्यात आत्या, जन्मभर या छंदाच्या नावानं बोटं मोडणारी आमची आत्या, ट्रंक ओढत बाहेर आली. एकेक झेंडा दोरीवर टाकत म्हणाली, "हे बघा, हे सगळे गेले. आज त्याची पाळी. शिवू द्या त्यांना!"

आतोबांनी दोरा तोडला, युनियन जॅक रिकाम्या जागी टाकला आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "गेला!" गल्ली दणाणली. त्या गड्यानं त्यांना खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवलं. खाली उतरवून म्हणाला, "भाऊसाहेब, आपल्या तिरंग्याची कड उसवलीया. दोन टाकं तुमीच घाला."

आतोबांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "नाही! माझ्या हातचा टाका त्याला लागायचा नाही." मग ती कड आत्यानं शिवली.

त्यानंतर आतोबांनी सुई हातात धरली नाही, सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा शिवलं नाही. खंडेनवमीला झेंडे पूर्वीसारखेच दोरीवर येत आणि युनियन जॅकच्या पुढं उरलेल्या दोरीवर आत्या बिचकत लुगडं टाके.

"घाल, बिनघोर घाल," ते म्हणत. "ती जागा आता कायमची तुझी."

दोघंही आता नाहीत. घर माझ्याकडं आहे, दोरीही तीच आहे. त्या शेवटच्या जागेवर मी पंचा वाळत घालतो आणि कुणीतरी मागून "घाल, घाल" म्हणेल म्हणून उगाच घटकाभर थांबतो.