हायड्रेंजिया आणि तुरटी

वैजयंतीबाईंचा संशय भलता चिवट. एकदा मनात शिरला की हलायचं नाव घेत नसे. पण उगाच नाही हो! चिपळूणला असताना नवरा वारला त्याच वर्षी त्यांनी जावेचं तान्हं बाळ उचलून "काय गोंडस आहे" म्हटलं. संध्याकाळी बाळ तापलं. जावेने दृष्ट काढायला त्याच्यावरून तुरटी ओवाळून निखाऱ्यावर टाकली, ती फुगली, आणि जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "बघा, वहिनींचाच चेहरा उमटलाय." तेव्हापासून बाईंनी कुणाच्या पोराचं, साडीचं, अगदी आमटीचंही तोंडभर कौतुक केलं नाही.

आता त्या वाशीला, मुलाकडे पार्थकडे, कायमच्या राहायला आल्या होत्या. सून अबोली बेलापूरच्या ऑफिसात होती. तिला बढती मिळाली तेव्हा कुणीतरी हायड्रेंजियाची फुलं दिली. निळे, नारळाएवढे झुबके. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, काय सुंदर!" त्यांनी जीभ चावली, पण व्हायचं ते झालं. सकाळी बघतात तर फुलांनी माना टाकलेल्या.

अबोलीने पुढे जे केलं ते बाईंना खटकलं. तिने फुलदाणी हॉलमधून उचलून बेडरूममध्ये नेली, वर दार लोटून घेतलं. का बरं? हॉलमध्ये दिवसभर कोण बसतं? मग पार्थच्या दाढीच्या सामानातला तुरटीचा खडा गायब झाला. शनिवार होता, अबोली घरीच होती. थोड्या वेळाने खलबत्त्याचा आवाज आला, म्हणून बाईंनी स्वयंपाकघरात डोकावलं. सूनबाई तुरटी कुटत होत्या.

झालं! आणखी काय पुरावा हवा? समोर गोड बोलायचं आणि पाठीमागे दृष्ट काढायची. बाईंनी बॅग काढली आणि साड्या कोंबायला सुरुवात केली.

अबोली दारात आली, तिचे हात तुरटीने पांढरे झालेले.

"माझी नजर लागली म्हणून दृष्ट काढतेयस ना?" बाई म्हणाल्या. "तोंडावर सांगायचंस. मी जाते चिपळूणला."

अबोलीने बॅगेकडे पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. सासूचं मनगट धरून ती त्यांना बाथरूममध्ये घेऊन गेली. बादलीत निळे झुबके डोक्यासकट बुडवलेले होते. ही फुलं पाकळ्यांनीसुद्धा पाणी पितात, तिने सांगितलं. देठाचं टोक चिकाने बंद होतं, म्हणून ते तिरकं कापून तुरटीच्या पुडीत टेकवायचं. हॉलच्या पंख्याचा वारा त्यांना सोसत नाही, म्हणून आत नेली होती.

बाईंना पटेना. पाटावर बसून त्या बादलीवर पहारा देत राहिल्या. संध्याकाळपर्यंत झुबके टवटवीत झाले. तेव्हा मात्र पुन्हा आपली नजर लागू नये म्हणून बाईंनी मान फिरवली आणि फुलं आत नेऊन ठेवायला सांगितली.

अबोलीने ती हॉलमध्ये, बरोबर त्यांच्या खुर्चीसमोर ठेवली.

"आई, सोमवारपासून मी दिवसभर ऑफिसात असेन. यांच्याकडे तुम्हीच बघत जा. एखाद्याने मान टाकली की पाण्यात बुडवा."

"मी बघू?"

"मग कोण?"

सोमवारी बाई पंखा बंद करून, पदराने घाम पुसत, फुलांसमोर बसून राहिल्या. संध्याकाळी अबोलीने दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काय सुंदर आहेत गं!" या वेळी त्यांनी जीभ चावली नाही.