सम्राटाच्या डोक्यावरचं भोक

इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईत आमचा नाणीवाल्यांचा क्लब आहे. महिन्यातून एका रविवारी भेटतो. नाणी जमतात त्याच्या दुप्पट किस्से जमतात! त्यातले निम्मे नाकामुरा-सानचे. वय पंच्याहत्तर, आमचे गुरू, जुन्या रोमच्या सोन्याच्या नाण्यांचे वेडे.

*

पहिल्याच मीटिंगला मी उत्साहाने नाणं कडेने न धरता थेट चेहऱ्यावर बोट ठेवून चिमटीत धरलं. नाकामुरा-सान हळूच म्हणाले, "कुलकर्णी-सान, सम्राटाच्या नाकाला हात लावायची परवानगी रोममध्येही नव्हती."

*

एकदा भिंग देऊन त्यांनी विचारलं, "मागे काय दिसतं?"

"फांदी घेऊन बसलेली बाई."

"बाई नाही, शांतता. सम्राट दिसतो कसा, देतो काय, हे लोकांना नाण्यावरूनच कळायचं."

नखाएवढ्या जागेत चेहरा, पदवी आणि आश्वासन! आपल्या फ्लेक्सवाल्यांनी शिकवणी लावावी. मी तर फिदाच झालो.

*

एकदा मीटिंगमध्येच भूकंपाचा धक्का. आम्ही टेबलाखाली, नाकामुरा-सान मात्र नाण्यांच्या ट्रेवर दोन्ही हात ठेवून उभे! मी ओरडलो, "खाली या!"

"दोन हजार वर्षं टिकलाय हा सम्राट. माझ्या ड्यूटीत कसा पडू देऊ?"

*

पण एक नाणं ते कुणाला दाखवत नसत. तरुणपणी घेतलेलं, त्यांचं पहिलं, भारतात सापडलेलं. सम्राटाच्या डोक्यावर भोक! आमच्यात भोक म्हणजे बट्टाच. गेल्या महिन्यात ते मला बाजूला घेऊन, त्याची डबी उघडून म्हणाले, "सोमवारी सोनाराकडून भोक बुजवून घेतो. माझ्यामागे कुणी हसायला नको." मला फार वाईट वाटलं.

पुण्याहून आलेली आई त्या दिवशी माझ्यासोबत होती. तिने चष्मा सावरला. "अगं बाई, ही तर पुतळी! आपल्याकडच्याच कुणीतरी गळ्यात घातलेली."

मी म्हटलं, "आई, ते याला दोष म्हणतात."

"दोष कसला डोंबलाचा! त्यांना सांग, भोक कुठे पाडलंय ते बघा म्हणावं. चेहऱ्याला धक्का नाही, बरोबर डोक्याच्या वर. गळ्यात राजा सरळ राहावा म्हणून! एवढी काळजी कोण घेतं रे?"

मी जपानीत सांगितलं. नाकामुरा-सान भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग डबी बंद करून, वाकून नमस्कार करून निघून गेले. आईला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

काल मी भीतभीत विचारलं, "सोनार काय म्हणाला?"

नाकामुरा-साननी हातमोजे काढले. टाय सैल केला, शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि गळ्यातला लाल दोरा बाहेर ओढला.

"आईंना सांगा, सरळ राहतो!"