माझ्या बाळंतपणाचं जळतण

तुरीची मळणी झाली तशी आईनं तुराट्यांना कुणाला हात लावू दिला नाही. परसात भिंतीला लावून माणसाएवढी गंज रचली. "पोरीचं पहिलं बाळंतपण हाय," येईल त्याला सांगायची. घरात गॅस होता, पण बाळंतिणीला चुलीवरचंच पाणी पाहिजे, असा तिचा हट्ट.

लेकरू लातूरच्या दवाखान्यात मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. तिसऱ्या दिवशी मी औशाजवळच्या आमच्या गावी रिकामी परत आले. सासरची माणसं "झालं गेलं विसरा" म्हणून आपल्या वाटेनं गेली. मला काहीच वाटत नव्हतं, खरंच काही नाही. जेव म्हटलं की जेवायचे, पड म्हटलं की पडायचे. दूध यायचं, गाऊन भिजायचा, मी बदलायचे.

आईनं मात्र एक दिवस चुकवला नाही. सकाळी न्हाणीतली चूल पेटवायची. तुराट्या भडाभडा जळतात, सारख्या सारत बसावं लागतं. मग मला तेल चोळून कढत पाणी ओतायची, बाजेवर निजवून खाली विस्तवाची शेगडी सरकवायची. शेजारणीनं विचारलंच, "आता कशाला गं एवढं?" आई म्हणाली, "तुझ्या घरचं जाळायले काय मी?"

आठवड्याभरानं पांढऱ्या कोळशाच्या कारखान्याचा माणूस पिकअप घेऊन आला. तुराट्या-पऱ्हाट्यांचा भुगा करून, दाबून तिथं कांड्या पाडतात, बॉयलरात जाळायला. गावभर माल गोळा करत फिरत होता. गंज बघून म्हणाला, "ही द्या की मामा. आता तुम्हाला काय उपयोग?" मेल्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

बाबा खाली बघत म्हणाले, "देऊन टाकू. लेकरू न्हाई, काही न्हाई. रोजचा धूर बघवंना मला." आई बोलायला गेली आणि पदर तोंडाला लावून गप्प बसली. तिच्यासारखी भांडखोर बाई, गप्प! मला त्या माणसाचा नाही, तिचा राग आला. त्यानं माल भरायला पिकअपचा मागचा फाळका खाली सोडला.

मी बाजेवरून उठून दारात आले. दवाखान्यातून आल्यापासून स्वतःहून बोलले ते तेव्हाच.

"न्हाई द्यायच्या," म्हणाले. "मी बाळंतीण हाय. माझा सव्वा महिना व्हायचाय."