कागद धरणारे काका

अख्ख्या कॉव्हेंट्रीत दुसऱ्यांच्या फुंकरीवर जगणारा माणूस एकच, आमचे शेजारचे काका. कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि झुलू भाषेच्या मागे लागले. कुणी तोंड उघडलं की हे टिश्यूची पट्टी त्याच्या ओठांसमोर धरणार, मग तो पोस्टमन असो नाहीतर जीपी डॉक्टर. पहिल्या भेटीत मी नमस्कार केला, तर म्हणाले, "आता खटारा म्हण." पट्टी हलली. काका खूश.

हे वेड लावलं वरच्या फ्लॅटमधल्या डर्बनच्या नर्सताईंनी. त्यांच्या झुलूत काठी म्हणजे 'उथी', पट्टी उडते. काठ्या म्हणजे 'इझिन्ती'. नाकातला 'न' आधी आला की 'थ'मधली हवाच गुल, पट्टी ढिम्म. हे काकांनी मला बसस्टॉपवर समजावलं. माझ्या दोन बस गेल्या.

दर रविवारी काकांच्या किचनमध्ये चकली, चहा आणि नर्सताईंचं रेकॉर्डिंग. दोन वर्षांची मेहनत शनिवारी लायब्ररीत ऐकवायची होती. फक्त 'पीस-पिसं' ही जोडी राहिली होती आणि नर्सताईंची आठवडाभर ड्यूटी. बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून मार खाल्लेला मी, नर्सताईंच्या आवाजात 'उफाफे, इझिम्पाफे' म्हणून काकांना पाठवून दिलं, ताईंचंच रेकॉर्डिंग म्हणून. काकांनी माझ्यासमोरच डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली, वहीत लिहिलं. आधी मला जाम हसू आलं. मग ती वही डोळ्यांसमोरून हलेना. एवढ्या खऱ्या शब्दांत एक माझा खोटा, आणि काका तो लोकांसमोर ऐकवणार.

शुक्रवारी कबूल करायला गेलो. मी घसा खाकरतोय तोवर काकांनीच विचारलं, "कागद कुणी धरला होता?"

त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये पट्टीची बारीक सळसळ असते. माझ्यात नव्हती.

"मग वहीत का लिहिलंत?"

"पेन्सिलीने लिहिलंय. शुक्रवारपर्यंत येशील असं वाटलं होतं." आणि खोडरबर माझ्यापुढे सरकवलं.

शनिवारी लायब्ररीत त्यांनी शांतपणे सांगितलं, पिसांचं अजून बाकी आहे. पुढच्या रविवारी नर्सताई पिसं म्हणाल्या, तेव्हा पट्टी मी धरली होती. चकल्या नेहमीपेक्षा जास्त मिळाल्या.

आता काका स्लाऊला लेकीकडे राहायला गेलेत. रविवारी त्यांचा फोन येतो. मी टिश्यूची पट्टी ओठांसमोर धरूनच बोलतो. मधेच ते विचारतात, "हलली का रे?"

मी खरं तेच सांगतो.