तारखेच्या आत

"उशीर नाय ना झाला, भाऊ?"

मी माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर उचललेलं असायचं, तेवढ्यात खालून हा प्रश्न यायचा. आधी प्रश्न, मग वाकून आत येणारा साडेसहा फुटांचा माणूस. साडेसहा हे मी कमी करून सांगतोय. लाइट गेली की आमचा वायरमन खांबावर चढायच्या आधी त्यालाच विचारायचा, "डॉक्टर, वरून काही दिसतंय का?"

तो सुदानचा. इथल्या विद्यापीठात ज्वारीच्या खोडमाशीवर पीएच.डी. करत होता, म्हणून मुकुंदवाडीतल्या आमच्या कॉलनीनं त्याला पदवी मिळायच्या आधीच डॉक्टर करून टाकलं. नाव चांगलं लांबलचक होतं, पण आमच्यातल्या कुणाला ते कधी पूर्ण म्हणता आलं नाही, तर तुम्हाला सांगून काय उपयोग?

त्याचा एकच दुर्गुण. तो वेळेवर यायचा.

वैजापूरला माझ्या पुतण्याच्या लग्नाला बोलावलं. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा. तुम्हाला कळतं की बारा पस्तीस म्हणजे जेवण उरकून तीनला निवांत. हा सकाळी नऊला हजर. मंडपवाल्यानं त्याला आपलाच माणूस समजून कनात वर बांधायला लावली, शिडी वाचली म्हणून. लग्न लागलं सव्वातीनला. तोवर बारा पस्तीसच्या अक्षता तो मुठीत घेऊन बसला होता. त्या तांदळाला कोंब फुटले होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

"डॉक्टर, कुणी सांगितलं एवढ्या लवकर यायला?" मी विचारलं.

"तुम्हीच छापलंय," तो म्हणाला.

मराठी तो कॉलनीतच शिकला. लई, व्हय, नाय सगळं फर्मास. भाकरी तर आमच्यापेक्षा सराईतपणे खायचा. "आमच्याकडं पण जवारीच," म्हणायचा, "पण भाकर पातळ, कापडासारखी. माझी आई अशी पसरायची." आणि मोठ्या पंजानं हवेत एक तवा सारवून दाखवायचा. आई आता नव्हती. घरही नव्हतं. लढाईत गल्लीच्या गल्ली गेली. एक बहीण सुदानशेजारच्या देशात तंबूत राहत होती. हे सगळं तो खोडमाशीबद्दल बोलावं तसं बोलायचा, आणि आम्ही च्यक् च्यक् करून आणखी एक कटिंग मागवायचो.

तर त्याचा व्हिसा. दोनदा वाढून झालेला. प्रबंध देऊन झाला होता, फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. तीन महिने आणखी मिळाले की खराखुरा डॉक्टर. मग दुसऱ्या एका देशात त्याला नोकरी कबूल होती, बहिणीलाही नेता येणार होतं. अर्जाला दोनच कागद हवे होते. एक विद्यापीठाचा दाखला. दुसरा नवा भाडेकरार, कारण जुना संपला होता. दाखल्यासाठी दोन महिने हेलपाटे घातले आणि तो हातात पडला नेमका पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी.

त्याचे घरमालक म्हणजे आमचे काका. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. माणूस देव, पण पंचांगातून बाहेर न आलेला. डॉक्टर करार घेऊन गेला तेव्हा काकांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही.

"अहो, पंधरवड्यात नवा करार? आम्ही या दिवसांत नवा झाडूसुद्धा आणत नाही. घटस्थापनेला या, पहिली सही तुमची."

"काका, व्हिसाची तारीख त्याच्या चार दिवस आधी संपते."

"चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

डॉक्टरनं दुसरी खोली शोधून पाहिली. तिथले मालकही म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबा. नवमीला काकांच्या वडिलांची तिथी होती. काकूंनी डॉक्टरला ताट पाठवलं. खीर आली, वडे आले, सही आली नाही. त्यानं ताट धुऊन परत नेलं आणि पुन्हा विचारलं. काका म्हणाले, "तुम्ही मला मुलासारखे. मुलाचं वाईट करीन का मी?"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. मी अर्ज उघडून दिला. दुकानात चहाची मंडळी बसलेली होती, हे ध्यानात ठेवा.

"भाऊ," तो म्हणाला, "असं करतो. जुना करार जोडतो, एक पत्र जोडतो, की नवा चार दिवसांत देतो. अर्ज तारखेच्या आत गेला पाहिजे. कागद ते नंतर मागतील. मी वाचलंय."

बरोबर वाचलं होतं. पण मी दुकानदार. माझ्या दुकानात दुसऱ्यानं वाचलेलं चालतं होय? आणि ऐकायला चार माणसं बसलेली.

"डॉक्टर," मी मागं रेलून म्हणालो, "असला अर्धा अर्ज टाकू नका. एकदा नामंजुरीचा शेरा बसला की जन्मभर निघत नाही. इथं असे हजार अर्ज पाहिलेत मी." पाहिले होते रेशन कार्डाचे. "आणि घाबरता कशाला? त्या व्हिसाच्या ऑफिसात माझा साडू आहे. चार दिवस म्हणजे त्याच्यासाठी टेबल पुसण्याइतकं काम. घटस्थापनेला सगळे कागद एकदम नेऊ."

"नक्की, भाऊ?"

"आईशप्पथ."

चहा पिणाऱ्यांतला एक म्हणाला, "डॉक्टर, आमच्याकडं तारीख संपल्यावर काम चालू होतं." सगळे हसले. तोही हसला. बोट माऊसवर होतं. ते त्यानं उचललं. अर्ज मीच बंद केला.

साडू मला आहे. खोटं नाही. तो वैजापूरला मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या शिवतो.

घटस्थापनेला काकांनी अंघोळ करून, कागदाला कुंकू लावून सही केली आणि स्वतः करार दुकानात आणून दिला. पेढाही दिला. मी डॉक्टरसोबत व्हिसाच्या ऑफिसात गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? रांगेत तो माझ्या कानाशी वाकला.

"भाऊ, तुमचे साडू कुठल्या खिडकीला?"

मी सगळ्या खिडक्या पाहिल्या. शेवटी म्हणालो, "आज रजेवर दिसतोय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. एवढ्या उंचावरून पाहिलेलं मला एरवी कळायचं नाही, पण कळलं. मग तो सरळ उभा राहिला.

साहेब सभ्य होते. सगळं वाचून म्हणाले, "अर्धे कागद जोडून का होईना, अर्ज तारखेच्या आत टाकायचा होता. निकाल येईपर्यंत तुम्ही इथं कायदेशीर राहिला असता. आता चार दिवस तुम्ही बेकायदेशीर आहात. आधीच दोनदा मुदत वाढलीय, तिसऱ्यांदा उशिरानं मिळणार नाही. देश सोडायची परवानगी मागा, आणि उशिराचं कारण लिहून द्या."

परत दुकानात आलो. चहाची मंडळी पांगली होती. मी कीबोर्ड पुढं ओढला.

"कारण काय लिहू?" मी विचारलं. कारणात मालकानं सही दिली नाही असं गेलं तर काकांना बोलावणं आलं असतं. फॉर्मवाल्यानं थांबवलं असं गेलं तर मला. खरं सांगतो, त्या क्षणी मी त्याच्या तोंडी परीक्षेचा विचार करत नव्हतो. तंबूतल्या बहिणीचाही नाही.

"लिहा," तो म्हणाला, "माझ्या हलगर्जीपणामुळे उशीर झाला."

मी इतक्या चपळाईनं टाइप केलं की बोटांची लाज वाटावी. त्यानं स्क्रीनवर वाचलं.

"भाऊ, 'केवळ' घाला. केवळ माझ्या. नाहीतर साहेब विचारतील, आणखी कोणाच्या."

मी 'केवळ' घातलं. त्यानं सही केली.

माझ्या दुकानातून गेलेल्या अर्जाला काही ना काही शेरा लागतोच. फोटो अस्पष्ट, सही चुकीच्या जागी, पान कमी. देश सोडायच्या त्या अर्जाला एकही लागला नाही. तीन दिवसांत मंजूर होऊन आला. दहाव्या दिवशी खोली रिकामी झाली, आणि काकूंनी ती झाडून घेतली.